पळालेली जनावरं गुराख्याला परत मिळवून देताना: हाकायचं, बोलवायचं की उचलायचं?

फँटसी गेममध्ये ही क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला सोपवलेली ही कामगिरी, कधी ना कधी समोर येतेच. गावाच्या वेशीवर कुणी गुराखी, मेंढपाळ नाहीतर कोंबड्या पाळणारी बाई कपाळाला हात लावून उभी असते. कुंपण मोडलंय, जनावरं पांगलीत, तेवढी शोधून आणा. क्वेस्टची लेव्हल कमी, बक्षीस किरकोळ, म्हणून खेळाडू ती हलक्यात घेतात. मग ड्रॅगनला लोळवून आलेला वीर एका शेळीमागे अर्धा तास चिखलात पळत बसतो.

लढाईची सगळी सवय इथे आडवी येते. जनावराच्या अंगावर धावून जाणं, जवळच्या वाटेने घुसणं, दिसेल ते आधी पकडणं, या तिन्ही गोष्टींनी काम लांबतं. ही क्वेस्ट पटकन उरकते ती दोन गोष्टी आधी ठरवल्या तर: जनावर नेमकं कशाने हलतं, आणि त्याला न्यायचं कुठल्या वाटेने. पुढची पद्धत कुठल्याही गेमला लागू पडते. जिथे नेमकं उदाहरण हवं तिथे गाजलेल्या गेममधलंच घेतलंय.

पायरी १: मालकाला पुरतं बोलू द्या

संवाद भराभर पुढे ढकलू नका. ‘क्वेस्ट स्वीकारा’ दाबून झालं तरी खाली उरलेले प्रश्न विचारून घ्या. किती जनावरं होती, शेवटची कुठे दिसली, कशाला घाबरतात, काय खायला आवडतं, एवढं हवंच. पुष्कळदा खरी किल्ली याच फालतू वाटणाऱ्या वाक्यात लपवलेली असते. ‘नदीपलीकडचा पाला तिला फार आवडतो’ असं मालक म्हणाला तर त्याने नकाशावरची जागाच सांगितली असं धरून चाला.

संवाद संपल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे आपल्या वस्तूंची पिशवी, उघडून पाहा. तिथे घंटा, शिटी, दावं, चारा असं काही नवं आलंय का? ‘द विचर ३’ (२०१५) मध्ये व्हेलेन नावाच्या प्रांतातल्या देवऋषाची प्रिन्सेस नावाची शेळी हरवते, तेव्हा तो एक घंटा देतो. ती घंटा क्विक स्लॉटमध्ये (झटपट वापरायच्या वस्तूंच्या खणात) टाकून वाजवायची असते. कितीतरी जण ती पिशवीतच ठेवून शेळीमागे पळतात आणि गेमला शिव्या घालतात. वस्तू हातात आली म्हणजे ती चालू झाली असं नसतं. ती लावावी, धरावी किंवा घालावी लागते.

आणि एक. क्वेस्ट न घेताच रानात जनावर दिसलं तर त्याला हात लावू नका. कित्येक गेममध्ये मालकाशी बोलल्याशिवाय ते जनावर क्वेस्टचं म्हणून मोजलंच जात नाही. मग फुकटचा हेलपाटा.

पायरी २: जनावर कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

या क्वेस्टची वरची गोष्ट काहीही असो, आतली यंत्रणा बहुतेक वेळा तीनपैकी एक असते. पहिल्या प्रकारात जनावर तुमच्यापासून लांब पळतं, म्हणजे ते हाकायचं. दुसऱ्यात ते तुमच्या किंवा तुमच्या हातातल्या वस्तूच्या मागे येतं, म्हणजे बोलवायचं. तिसऱ्यात ते उचलून न्यायचं.

ओळखायला एक साधी चाचणी पुरते. पहिलं जनावर दिसलं की हत्यार म्यान करा आणि पळण्याऐवजी चालत, सरळ त्याच्याकडे जा. ठरावीक अंतरावर ते वळून पाठ दाखवत असेल तर हाकण्याचं. तुम्ही अगदी जवळ पोचेपर्यंत उभंच राहिलं आणि स्क्रीनवर ‘उचला’ची खूण आली तर उचलण्याचं. उभंही राहतं, खूणही येत नाही, पण मालकाने काहीतरी वस्तू दिलीय, तर बोलवण्याचं. काही गेम दोन प्रकारांची सरमिसळ करतात: आधी चारा टाकून शांत करायचं, मग दावं घालून ओढायचं. तेव्हा क्वेस्टच्या नोंदीतली ताजी ओळ वाचा, त्यात क्रियापद कोणतं वापरलंय ते बघा.

ही चाचणी सोडून लोक तिसऱ्याच पद्धतीने सुरुवात करतात. हाकायची मेंढी पकडायला धावतात आणि ती अख्ख्या खोऱ्याला वळसा घालून येते.

पायरी ३: आधी वाट, मग जनावर

माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि नेमकी हीच पायरी सगळे टाळतात. गुरांच्या वाड्यापासून उलटं चालायला लागा. म्हणजे फाटकापासून बाहेर, जनावरं जिथे असतील त्या दिशेने. चालताना चार गोष्टी बघा.

फाटक उघडं आहे का, आणि ते कुठल्या बाजूला उघडतं? काही गेममध्ये जनावर जवळ आलं की फाटक आपोआप त्याला आत घेतं, काहींत तुम्हीच उघडावं लागतं. बंद फाटकासमोर आलेला कळप डाव्या-उजव्या बाजूला फुटतो आणि सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

वाटेत लांडगे, अस्वलं, लुटारू आहेत का? असतील तर आत्ताच, जनावर सोबत नसताना, निकाल लावा. मागून शेळी येत असताना लढणं म्हणजे दोन्हीकडून मार. पण साफ केलेला शत्रू किती वेळाने परत येतो हेही लक्षात ठेवा. झटपट परत येत असेल तर साफसफाई अगदी आयत्या वेळी करा.

अरुंद पूल, पायऱ्या, उथळ पाणी, दाट झुडपं कुठे आहेत? माणसाचं पात्र जिथून उडी मारून जातं तिथून जनावराला जाता येईलच असं नाही. गेममधली जनावरं आखून दिलेल्या चालण्याजोग्या जमिनीवरच फिरतात, आणि त्या जमिनीच्या कडेला, विशेषतः दगड आणि कुंपणाच्या बेचक्यात, ती अडकून बसतात. लांबचा का होईना, पण रुंद आणि सपाट रस्ता निवडा.

चौथी गोष्ट तुमची स्वतःची. सोबतचा कुत्रा, बोलावलेला राक्षस, अंगाभोवतीचा आगीचा मंत्र हे सगळं घरी ठेवा. कळपाला ते शत्रूच वाटतात. आणि सेव्ह करा. ऑटोसेव्हवर विसंबू नका, कारण तो नेमका जनावर दरीत पडल्यावर होतो.

पायरी ४: शोध

माग काढायची सोय गेममध्ये असेल तर ती वापरा: खुरांचे ठसे, लेंड्या, कुंपणाला अडकलेली लोकर. सुरुवात मार्करपासून, म्हणजे गेमने नकाशावर दाखवलेल्या खुणेपासून, करू नका, मोडलेल्या कुंपणापासून करा. मार्कर पुष्कळदा फक्त एक मोठं वर्तुळ दाखवतो, ठसे दिशा दाखवतात. ठशांबरोबर बुटांचे ठसेही दिसले तर सावध व्हा. जनावरं पळालेली नाहीत, पळवलेली आहेत, आणि क्वेस्टच्या शेवटी कुणाशी तरी गाठ पडणार आहे.

आवाज हे दुसरं साधन. पार्श्वसंगीत बंद करा, हेडफोन लावा, थांबून ऐका. बेंबें आणि घंटांचा आवाज कुठल्या कानात मोठा येतो त्यावरून झाडीतलं जनावर सापडतं.

आधी कुठलं आणायचं? बोलवण्याच्या प्रकारात सगळ्यात दूरचं आधी गाठा आणि येताना वाटेतली बाकीची मागे लावत या. हाकण्याच्या प्रकारात मात्र पहिल्यांदा जवळचं एक घ्या. ते किती अंतरावर बिथरतं, किती पळून थांबतं, वळतं कसं, याचा अंदाज त्या एकावर येतो.

पायरी ५: हाकण्याची रीत

हा प्रकार सगळ्यात अवघड, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मजेदारही.

खऱ्या गुरांभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. त्याच्या आत माणूस शिरला की जनावर सरकतं, बाहेर गेला की थांबतं. शिवाय खांद्याच्या रेषेपाशी एक तोल असतो. त्या रेषेच्या मागून आलात तर गाय पुढे चालते, पुढून आलात तर मागे वळते. गेममधलं वागणं याचीच सोपी आवृत्ती असते. बहुतेक ठिकाणी हिशेब एवढाच: तुम्ही आणि जनावर यांच्यातून एक सरळ रेघ काढा, जनावर त्या रेघेवर तुमच्यापासून लांब जाणार.

म्हणून नियम असा: तुम्ही, जनावर आणि फाटक एका ओळीत, आणि जनावर मध्ये. मेंढीला उत्तरेला न्यायचंय तर तुम्ही दक्षिणेला जाऊन उभं राहायचं. तिथे जाताना मोठा वळसा घ्या, वर्तुळाच्या बाहेरून. जवळून वळसा घेतलात तर जाता जाताच तिला भलत्या दिशेला पिटाळाल. जागेवर पोचलात की हळूहळू पुढे या. ती चालायला लागली की तुम्ही थांबा. ती थांबली की पुन्हा एक-दोन पावलं. ती डावीकडे झुकायला लागली तर तुम्हीही थोडं डावीकडे सरका, ती उजवीकडे येईल. सतत दाब ठेवलात तर ती चौखूर उधळते आणि मग तुमच्या हातात काही राहत नाही.

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममधली ‘शीप हर्डर’ ही क्वेस्ट या रीतीचा चांगला धडा आहे. पूर्व आर्डूनमध्ये काउन्सिलर हॅलग्रिव्ह तुम्हाला रोगट मेंढ्या गोळा करायला सांगतो: लाल, हिरवी, निळी आणि पिवळी, प्रत्येक रंगाची एक. आधी डॉक्टर ऑर्बनकडून १०० नाण्यांना संरक्षक जाकीट आणि विजार घ्यावी लागते, आणि ती अंगात घालावी लागते. मग हातात टोचणी घेऊन मेंढीला टोचायचं. टोचली की ती तुमच्या विरुद्ध दिशेला काही चौकोन सरकते. बस, एवढंच. पण झाडाच्या किंवा कुंपणाच्या कोपऱ्यात गेली की तिच्यामागे जाऊन उभं राहायला जागाच उरत नाही. म्हणून भिंतीपासून दोन-तीन चौकोन राखूनच तिला पुढे न्यावं. शेवट मात्र कडू आहे: वाड्यात आलेल्या मेंढ्यांना विषारी चारा घालून त्यांचे अवशेष जाळायचे असतात. बक्षीस ३,१०० नाणी आणि ४ क्वेस्ट पॉइंट.

एकेक जनावर आणि कळप यांत फरक आहे. कळपाच्या हालचालीमागे बऱ्याच गेममध्ये क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ साली मांडलेली कल्पना असते. त्याने संगणकावरच्या पाखरांना ‘बॉइड्स’ म्हटलं आणि तीनच नियम दिले: शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी जातात त्या दिशेला जा, घोळक्याच्या मध्याकडे सरक. तिसरा नियम तुमच्या कामाचा. कळप एकत्र असेल तर तो एकत्रच राहायला बघतो. फुटला, की त्याचे दोन मध्य तयार होतात आणि दोघांना एकाच वेळी हाकता येत नाही.

कामाला लावलेले कुत्रे हे कसं सांभाळतात? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंढ्यांच्या आणि कुत्र्याच्या अंगावर जीपीएस यंत्रं लावून हालचाली नोंदवल्या, आणि कुत्र्याचं वागणं दोन साध्या नियमांत बसवता आलं. मेंढ्या पांगल्या असतील तर सगळ्यात बाहेरच्या मेंढीकडे जाऊन तिला आत ढकल. एकत्र असतील तर मागून पुढे हाक. गेममध्ये हेच करा. कळपाच्या मागे सरळ रेषेत उभं राहू नका. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नागमोडी चाला, म्हणजे दोन्ही कडा आत दबलेल्या राहतात. एखादी फुटली की पुढची हाकाटी थांबवून आधी तिला आत घ्या.

याला एक अपवाद, आणि तो फाटकापाशी. सात मेंढ्या फाटकाच्या तोंडाशी आहेत आणि आठवी उधळली, तर तिला जाऊ द्या. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात तर सातही जातील. आतल्या आत घाला, फाटक लावा, मग एकटीला निवांत आणा. बंद फाटकाआडची जनावरं बहुतेक गेममध्ये मोजणीत पक्की होतात. मोजणीचा आकडा वाढला का, ते मात्र दर वेळी पाहा.

घोडा वापरायचा का? ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये ऑर्डन गावच्या कुरणातल्या शेळ्या घोड्यावर बसूनच गोठ्यात घालायच्या असतात. तिथे जागा मोकळी आहे म्हणून ते जमतं. झाडीत किंवा गावात घोडा वळवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात शेळी मागे निसटते. मोकळं कुरण असेल तर घोडा, नाहीतर पायी.

पायरी ६: बोलवून आणताना

इथे जनावर तुमच्या मागे येतं, पण गेम ते ठरावीक अंतरापर्यंतच येऊ देतो. तुम्ही पुढे निघून गेलात की ते थांबतं, आणखी लांब गेलात की परत आपल्या जागी जातं. म्हणून पळायचं नाही. चाला, थोडं गेलं की कॅमेरा मागे फिरवा, दिसलं की पुढे. घंटा किंवा शिटी आधीच वाजवत राहू नका, जनावर रेंगाळलं की वाजवा. प्रिन्सेसबरोबर चालताना हे कळतं. ती मध्येच रेंगाळते, आणि वाटेत अस्वलही आडवं येतं. अस्वल आलं की घंटा विसरा, शेळीला मागे ठेवून त्याच्या अंगावर जा आणि ते पडल्यावर पुन्हा घंटा वाजवा. भोवताली आग पसरवणारे वार टाळा.

फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून एका झटक्यात दुसरीकडे पोचणं, अजिबात नको. मागचं जनावर तुमच्याबरोबर उडून येईल अशी आशा करू नका. संवाद, दुकान, दुसऱ्या इमारतीत शिरणं यानेही साखळी तुटू शकते.

‘झेल्डा’ मालिकेतल्याच ‘मेजोराज मास्क’मधली कोंबडीची पिल्लं हा याचा सगळ्यात गोड नमुना. ग्रॉग नावाच्या उदास तरुणाला आपली दहा पिल्लं मोठी झालेली बघायची असतात. ब्रेमेन मास्क घालून कवायत करत चाललात की पिल्लं एकामागे एक रांगेत लागतात, आणि दहाही जमली की मोठी होतात. कवायत मध्येच थांबवू नका, कोपऱ्यातल्या पिल्लाजवळून अगदी घासून जा. बक्षीस मिळतो तो ससाकानी मास्क. तो घातला की तुम्ही जास्त वेगाने पळता, म्हणून मी म्हणेन ही क्वेस्ट सोडूच नका.

पायरी ७: उचलून न्यायचं असेल तर

या प्रकारात घाबरण्यासारखं काही नाही. जनावर अंगाने लहान असतं, प्रश्न ते ठेवलंय कुठे एवढाच. त्याच मालिकेतल्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ (१९९८) मध्ये काकारिको गावात सात कोंबड्या पसरलेल्या असतात आणि मालकिणीलाच त्यांची ॲलर्जी. गेमचा नायक लिंक, त्याने लहानपणी त्या डोक्यावर धरून आणायच्या. कोंबडी धरून उंचावरून उडी मारली की तुम्ही तरंगत खाली येता, म्हणजे एक कोंबडी दुसरीपर्यंत पोचायचं साधनही आहे. कुंपणाआडची जागा दिसली की आधी जवळपासची उंच कड शोधा. वाड्यात दारातूनच गेलं पाहिजे असं नाही, कुंपणावरून आत फेकलं तरी चालतं. सातही आल्या की मोकळी बाटली मिळते, आणि ती गेमभर उपयोगी पडते.

फक्त तलवार आवरा. तिथल्या कोंबडीला वारंवार मारलंत तर ती साद घालते आणि कोंबड्यांची झुंड तुमच्यावर तुटून पडते.

पायरी ८: शेवटचं एक सापडत नाही तेव्हा

मान वर करा. छपरं, पवनचक्कीचे कट्टे, पेट्यांच्या आत, जिन्याखाली, धबधब्यामागे: गेम बनवणाऱ्यांच्या या आवडत्या जागा. मग वेळ बदलून पाहा, काही जनावरं फक्त दिवसा किंवा फक्त रात्री दिसतात. तरीही नसेल तर ते बहुधा अडकलंय. त्या भागातून लांब जा, थोड्या वेळाने परत या. भाग नव्याने लोड झाला की अडकलेलं जनावर मूळ जागी परतलेलं असू शकतं. त्यानेही झालं नाही तर सेव्ह करून गेम बंद करून पुन्हा चालू करा, आणि शेवटी पायरी ३ मधला तो जुना सेव्ह.

जनावर मेलं असेल तर लगेच रीलोड करू नका. मालकाकडे जाऊन बोला. काही ठिकाणी उरलेल्यांवर भागतं, फक्त मोबदला कमी होतो. काही ठिकाणी त्याच्या मृत्यूची स्वतंत्र कथा निघते. क्वेस्ट फसली अशी नोंद दिसली तरच मागे जा.

पायरी ९: हवाली करताना

मालकाकडे जाण्याआधी पिशवीत दोन जागा मोकळ्या ठेवा. मोबदल्यावर घासाघीस करायची असेल तर ती जनावरं हवाली करण्याआधीच्या संवादात करा, नंतर तो पर्याय दिसत नाही. चोरांचा माग लागला असेल तर त्यांचं म्हणणंही ऐकून घ्या. अशा क्वेस्टमध्ये कधी कधी जनावरं मुळात त्यांचीच निघतात, आणि कानावरची खूण किंवा पाठीवरचा डाग बघितल्याशिवाय ते कळत नाही.

पैसे आणि वस्तू यांतून निवड असेल तर वस्तू घ्या, विशेषतः जनावराशी संबंधित असेल तर. घंटा, शिटी, लगाम पुढच्या एखाद्या क्वेस्टमध्ये पुन्हा लागू शकतात. आणि मालकाशी लगेच दुसऱ्यांदा बोला. ‘आता कुंपण कोण दुरुस्त करणार?’ असं तो म्हणाला, की पुढची क्वेस्ट सुरू.